ट्राउट न पोचलेला मुलूख

हिंदुस्थानात ट्राउट मासा जिथे कुठे आहे, तिथे तो कुणीतरी आणून सोडलेला आहे. निलगिरीत त्याची अंडी पोचवण्याची खटपट मद्रासच्या लष्करातला डॉक्टर फ्रान्सिस डे याने १८६३ साली केली आणि प्रवासातल्या उष्म्याने ती फसली. तिथे हा मासा खऱ्या अर्थाने रुजायला विसावे शतक उजाडावे लागले. काश्मीरसाठी बेडफर्डच्या ड्यूकने १८९९ साली अंडी पाठवली, ती वाटेतच मेली. त्यानंतर स्कॉटलंडहून आलेली खेप जगली. गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेलने ती वाढवली आणि पुढे हारवानला उबवणी केंद्र उभे राहिले. १९०९ च्या सुमारास ट्राउट कुलूत बियासच्या पाण्यात आला, आणि त्रावणकोरच्या उंच डोंगरांत चहामळेवाल्यांनी तो नेला. या सगळ्या उपद्व्यापामागे ओढ एकच होती. घरच्या ओढ्यावर बारीक गळाला पिसे आणि रेशीम बांधून बनावट माशी करायची, ती खळाळावर अलगद उतरवायची आणि फसलेल्या माशाशी झुंजायचे, हा खेळ इथेही खेळायला मिळावा. माशाची मात्र अट होती. पाणी वीस अंशांच्या पलीकडे तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि ट्राउट तगमगतो. त्यामुळे हिंदुस्थानातला ट्राउटचा नकाशा म्हणजे हिमालयातली खोरी आणि दक्षिणेतली काही उंच शिखरे, एवढाच राहिला. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास पसरलेले माळव्याचे पठार, जिथे वैशाखात हवा चाळिशी ओलांडते, त्या नकाशात बसणे शक्यच नव्हते. ट्राउटचा युरोपातला सोबती ग्रेलिंग तर या देशात रुजलाच नाही.

याच पठारावर, इंदूरच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर वसलेले देपालपूर गळाच्या इतिहासाचा विचार करायला सोयीचे वाटते, ते नेमके याच कारणाने. काश्मीर-निलगिरीत हा इतिहास क्लबांच्या नोंदवह्यांत, परवान्यांत आणि भुसा भरलेल्या माशांत लिहून ठेवलेला आहे. त्या कागदांवरून जी कथा रूढ झाली ती अशी: इथले लोक जाळी, विष आणि नदीत आडवे बांधलेले कूड यांनी मासे ओरबाडत होते, छंद म्हणून मासे धरणारा इंग्रज आला, त्याने गळाचा नेम शिकवला, विणीचा काळ पाळायला लावला, कायदा करवून घेतला आणि मासे वाचवण्याची कल्पना या देशात रुजवली. ज्या मुलखात त्याचा लाडका मासा पोचलाच नाही, तिथून पाहिले की या कथेतले बरेचसे गळून पडते. माझे म्हणणे असे की, आपल्या नद्यांत मोठा मासा टिकला तो खेळाच्या शिष्टाचारामुळे नव्हे. नदीचा एखादा तुकडा, एखादा डोह, एखादा घाट राखून ठेवण्याच्या रिवाजामुळे टिकला, आणि हा रिवाज इंग्रजांच्या छावण्यांपेक्षा पुष्कळ जुना आहे. इंग्रज छंदिष्टांनी दिले ते वेगळेच काही. ते मोलाचे आहे, पण त्याला संयमाचे श्रेय देणे चुकीचे.

आधी देपालपूरचे पाणी. महूजवळच्या जानापाव डोंगरावर विंध्याचा जलविभाजक आहे. तिथून चंबळ आणि गंभीर उत्तरेला पठारावर उतरतात, तर चोरल, कारम यांसारख्या नद्या दक्षिणेला नर्मदेकडे कोसळतात. देपालपूरचा प्रदेश उत्तरेकडच्या उतारावर. इथे पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेत आणि गंगेत जातो. पन्नास-साठ मैलांवरच्या नर्मदेशी त्याचा संबंध नाही. काळ्या मातीतल्या या नद्या श्रावण-भाद्रपदात गढूळ आणि दांडग्या असतात, माघ-फाल्गुनापासून आटत आटत डोहांपुरत्या उरतात. अशा मुलखात वस्तीला बारमाही पाणी हवे तर तलाव बांधावा लागतो. देपालपूर आणि तिथला जुना तलाव परमार राजा देवपाल याच्या नावाशी जोडला जातो. हा देवपाल तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, आणि त्याचा १२२५ चा ताम्रपट नर्मदेकाठच्या मांधात्याला, म्हणजे ओंकारेश्वराला, सापडलेला आहे. अकबराच्या काळी देपालपूर उज्जैन सरकारातला एक महाल म्हणून आईन-ए-अकबरीत नोंदले गेले. अठराव्या शतकात मराठे माळव्यात आले आणि हा मुलूख होळकरांकडे गेला. पुढे १९३९ साली, दुसऱ्या यशवंतरावांच्या कारकिर्दीत, गंभीर नदी अडवून यशवंतसागर झाला. इंदूरला पाणी पुरवणारा हा जलाशय २०२२ साली रामसरच्या यादीत गेला, तो मुख्यतः पाणपक्ष्यांसाठी. देवपालापासून यशवंतरावांपर्यंत सातशे वर्षांच्या या जलकामांत मासा हा हेतू कधीच नव्हता. तो ओघाने आलेला लाभ. तलावाच्या पाळीवर बसून गळ टाकणारा माणूस इथे नेहमीच असणार, पण त्याच्या गळाला लागणारा मासा संथ पाण्यातला, चिखलाशी सलोखा करणारा. खळाळात झुंजणारा मासा पाहायचा तर घाट उतरून नर्मदेवर जावे लागे. तिथे होता महसीर, ज्याला नर्मदाकाठी बाडस म्हणतात.

आता छंदाची गोष्ट. गळाने मासे धरणे हा रिकाम्या वेळचा, कौशल्याचा खेळ होऊ शकतो हे हिंदुस्थानला इंग्रजांनी सांगितले, हे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही. इंग्रजीत या विषयावरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ चा, आणि आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ चे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास हा ग्रंथ त्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षांचा, ११२९ च्या सुमाराचा. राजाच्या वीस करमणुकींचे जे प्रकरण त्यात आहे, त्यात मत्स्यविनोद हा एक विनोद. कोणता मासा समुद्रातला, कोणता नदीतला, कुणाला खवले आहेत, कोण काय खातो, त्याला कुठे आणि कसे खाद्य टाकून सवय लावायची, दोरी कशी वळायची, गळ कसा असावा, हे सगळे तिथे बयाजवार सांगितले आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी संपादून काढला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यातल्या माशांवर लिहिले. तरीही मराठी वाचकाच्या मनात गळाचा छंद म्हटला की हॅट घातलेला साहेबच उभा राहतो. मानसोल्लासातला राजा मासे राखत होता असे मात्र मला सुचवायचे नाही. तो मजेसाठी मासे मारत होता, आणि त्याच्या प्रकरणात विणीच्या हंगामाची काळजी मुख्य नाही. खेळ आणि संयम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला त्याची साक्ष उपयोगी पडते.

संयमाची परंपरा दुसरीकडून येते, आणि तिचा सगळ्यांत जुना कागद दगडावर आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. त्यात काही जलचर नावानिशी आहेत. पण त्याहून महत्त्वाचे पुढे येते: चातुर्मास्यांच्या तीन पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि ठरावीक उपोसथाचे दिवस, या काळात मासा मारायचा नाही आणि विकायचाही नाही. त्याच दिवशी हत्तींच्या वनात आणि केवटांच्या राखीव पाण्यात इतरही जीव मारायचे नाहीत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा हुकूम. त्यात मारण्याबरोबर विक्रीही बंद केली आहे, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. आजच्या मत्स्यखात्याच्या आदेशातही मासेमारी, वाहतूक आणि विक्री हे तिन्ही शब्द एका ओळीत येतात, कारण बाजार उघडा ठेवून नदी बंद करता येत नाही. हा हुकूम किती दिवस आणि किती दूरवर पाळला गेला, ते लेख सांगत नाही. पण काळ ठरवून आणि पाणी ठरवून मासा राखावा, हा विचार या मातीत परका नव्हता एवढे त्यावरून निर्विवाद ठरते.

पाणी ठरवून मासा राखण्याचा जिवंत पुरावा म्हणजे घाट आणि डोह. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे शिवमंदिरापुढच्या पाण्यात महसीर राखलेले आहेत. महाड तालुक्यात वाळण कोंडीच्या डोहात वरदायिनीच्या नावाने तेच घडले. देहूला इंद्रायणीचे मासे वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, आणि शृंगेरीला तुंगेच्या पायऱ्यांशी मासे यात्रेकरूंच्या हातून खायला येतात. नर्मदेवर महेश्वर आणि ओंकारेश्वर ही याच साखळीतली ठिकाणे. १७३४ साली होळकरांची खासगी दौलत ठरली तिच्यात महेश्वर होते. १७६७ नंतर अहिल्याबाईंनी तिथे राजधानी केली आणि किल्ल्याखाली घाटांची रांग उभी राहिली. अहिल्याबाईंनी माशांसाठी अमुक फर्मान काढले अशा कथांवर माझा मुद्दा उभा नाही. घाट ही वास्तूच पुरेशी आहे. जिथे दिवसभर स्नान, तर्पण आणि कणकेच्या गोळ्या, भाजलेले चणे, परमल पाण्यात टाकणे चालते, तिथे जाळे टाकणाऱ्याला हुसकावायला पहारेकरी लागत नाही. आणि हे पाणी निवडले गेले तेही माशाच्या दृष्टीने नेमके: नदीच्या वळणावरचा खोल, बारमाही डोह, जिथे उन्हाळ्यात बाकी पात्र खडकाळ झाले की मोठे मासे आपसूक गोळा होतात. विणीला लागणारे प्रौढ मासे याच डोहांत उन्हाळा काढतात. त्या दोन महिन्यांत डोह राखला म्हणजे नदीचे बियाणे राखले.

मग छावणीवाल्यांनी काय केले? मंदसोरच्या तहानंतर, १८१८ साली, महूला छावणी पडली. १८७० च्या दशकात होळकरांनी दिलेल्या एक कोटीच्या कर्जातून खांडवा ते इंदूर रेल्वे आली, चोरलचे खोरे आणि मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल तिच्याच वाटेवर. घाट उतरायला एरवी दोन दिवस घालवणाऱ्या अधिकाऱ्याला बडवाहजवळची नर्मदा एका सुट्टीच्या टप्प्यात आली. याच सुमारास, १८७३ साली, मद्रासच्या मुलकी सेवेतला हेन्री सलिव्हन थॉमस याने हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवरचे पुस्तक काढले आणि त्याच वजनाच्या सामनपेक्षा महसीर जास्त झुंजतो असे ठासून सांगितले. त्यानंतर महसीर हा साहेबाच्या तोंडी ‘हिंदुस्थानी सामन’ झाला. तुलनेतच सगळे आले: घरचा मासा इथे जगत नाही, तर इथल्या माशाला घरच्या माशाचा मान द्यायचा. पिसांची माशी बाजूला ठेवून त्याला पितळी चमचा, जिवंत मासोळी आणि चक्क कणकेचा गोळा वापरावा लागला. यात मला एक गंमत दिसते. यात्रेकरूने ज्या खाद्याची सवय माशाला लावली, त्याच खाद्यात गळ दडवून साहेब शिकार करीत होता; मत्स्यविनोदाचा कर्ता हे पाहून परक्या राज्यात आलो असे म्हणाला नसता.

या लोकांचे देणे नाकारायचे कारण नाही. मुंबई सरकारच्या नोकरीतल्या कर्नल साइक्सने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीराचे शास्त्रीय वर्णन १८३० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केले. त्याने दिलेली खुद्री, कोलूस, मुल्या ही नावे इथल्या मासेमारांच्या तोंडून घेतलेली आहेत, म्हणजे त्याच्या शास्त्रामागे भोयांचे ज्ञान होते. पण ते कागदावर आले ते त्याच्यामुळे. फ्रान्सिस डेने देशभरच्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा अहवाल १८७३ साली सादर केला. या सगळ्या रेट्यातून १८९७ चा मत्स्य कायदा आला आणि पाण्यात सुरुंग उडवणे, विष कालवणे हा गुन्हा ठरला. हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. होळकरशाहीतल्या देपालपूरला किंवा महेश्वरला तो आपोआप लागू होत नव्हता, आणि तरीही महेश्वरच्या घाटाखाली मासे होते. छंदिष्टांची खरी देणगी मोजणे ही आहे: केव्हा, कुठे, कोणता, किती वजनाचा. घाटावरच्या भाविकाने माशाला खाऊ घातले, पण त्याची नोंद कधी ठेवली नाही. त्यामुळे नर्मदेतला महसीर केव्हापासून घटू लागला हे सांगायला आपल्याला घाटाचा उपयोग होत नाही. त्याच मोजणीची दुसरी बाजू विक्रमांची आहे. १९४६ साली काबिनी नदीत व्हॅन इंगेनने धरलेला १२० पौंडी महसीर अजून सांगितला जातो. इतकी प्रचंड वाढलेली महसीर बहुधा मादी असते, आणि सर्वांत जास्त अंडी देणारी तीच. ज्या छंदाची सर्वोच्च बक्षिसे अशा माशाला मारून मिळत होती, त्याला संवर्धनाचा जनक म्हणताना थोडे अडखळायला हवे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप कावेरीचा आहे. तिथे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गळवाल्यांच्या छावण्यांनी नदीचे पट्टे भाड्याने घेतले, मासा धरून, वजन करून पुन्हा सोडण्याचा नियम केला, पूर्वी सुरुंगाने मासे मारणाऱ्यांना पहारेकरी नेमले, आणि तो पट्टा खरोखरच जपला गेला. मग खेळाने मासा वाचवला की नाही? वाचवला. पण कशाने, ते नीट पाहावे. नदीचा ठरावीक तुकडा, तिथे जाळ्याला बंदी, त्यावर लक्ष ठेवणारी त्याच काठची माणसे: ही तिळशाची आणि शृंगेरीचीच रचना आहे, देवाच्या जागी शुल्क आले इतकेच. खेळाचा म्हणून जो खास गुण, तो तिथे दुसऱ्याच रूपाने दिसला आणि त्याची मुळे महाराष्ट्रात आहेत. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीर केंद्र उभारले, डॉ. सी. व्ही. कुळकर्णी आणि ओगले यांनी तिथे कृत्रिम प्रजननाचे तंत्र बसवले. हे काम आपल्या मत्स्यशास्त्रातले अभिमानाचे आहे, आणि दख्खनी महसीराची लाखो पिले तिथून निघाली. त्यांतली काही कावेरीत सोडली गेली, कारण गळवाल्यांना मासे हवे होते आणि महसीर तो महसीर असा समज होता. पण कावेरीचा मूळचा कुबडाचा महसीर वेगळा होता. छावणीच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा आणलेला निळ्या पराचा दख्खनी मासा वाढत गेला आणि कुबडाचा जवळजवळ दिसेनासा झाला, हे उघड झाले. त्या माशाला नेमके शास्त्रीय नाव मिळाले तेही २०१८ साली, तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. काश्मीरात ट्राउट आणणाऱ्यांची हौस आणि ही हौस एकाच जातीची आहे. एकांनी स्कॉटलंडचा मासा काश्मीरच्या देशी माशांवर आणून सोडला, दुसऱ्यांनी दख्खनचा मासा कावेरीवर. खेळ माशावर प्रेम करतो, आणि ज्या माशावर प्रेम आहे तो सगळीकडे हवा असतो. घाटाच्या रिवाजाला ही घाई नसते. जे पाण्यात आहे ते राहू द्यायचे, एवढेच त्याला कळते. ही घसरण लक्षात आली ती मात्र खेळाच्या वह्यांमुळे, हे त्याच दमात सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो आणि तो मला जास्त टोचतो. घाटावरची बंदी घातली कुणी आणि पाळावी लागली कुणाला? नर्मदेवर जाळे टाकणारे केवट, कहार, भोई, कीर आणि डोंगरातले भिल्ल यांना बारमाही डोह म्हणजे उन्हाळ्यातले पोट. तो डोह देवाचा ठरवणारे बहुतेक मासे न खाणारे. चातुर्मासात मासा वर्ज्य करणे हेही खाणाऱ्याच्या पुण्यासाठी, माशाच्या विणीसाठी नव्हे. यात खोटे काही नाही. हेतू पाहिला तर रिवाज निसर्गरक्षणाचा नव्हता, आणि त्याची किंमत ज्यांच्याजवळ देण्यासारखे सर्वांत कमी होते त्यांनी दिली. भिल्ल वनस्पतींच्या रसाने पाणी गुंगवून मासे धरत, तेव्हा लोकरिवाज सगळाच सौम्य होता असेही म्हणता येत नाही. पण हाच आक्षेप कायद्यालाही जसाच्या तसा लागू पडतो. डेच्या अहवालात दोष कुणाच्या माथी आहे? बारीक आसाच्या जाळ्यांच्या, आडव्या कुडांच्या, म्हणजे त्याच लोकांच्या. गळवाल्या साहेबाने आपल्या हातचा दांडा कधी गुन्ह्याच्या यादीत घातला नाही. संयमाचा भार मासेमार जातींवर टाकण्यात देऊळ आणि दिवाणी कचेरी यांचे एकमत होते. फरक परिणामात पडला. देवळाने डोह अडवला, पण उरलेली नदी सोडली. आणि त्या डोहात वाढलेल्या माशांची पिले पावसाळ्यात वरखाली जाऊन केवटांच्याच जाळ्यात येत. हेतू पुण्याचा, फळ मत्स्यशास्त्राचे. इतिहासात असे होते, आणि फळ मोजताना हेतू बाजूला ठेवावा लागतो.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही, पण ती दोन्ही परंपरांना सारखीच लागू होते. १९५८ ते १९६६ या काळात होशंगाबादच्या बाजूला नर्मदेच्या मासळीची जी पाहणी झाली तिच्यात एकट्या बाडसाचा वाटा सुमारे २८ टक्के निघाला. देऊळ, कायदा, छावणी, जाळी, विष हे सगळे सोसून शतकानुशतके टिकलेल्या माशाचा हा आकडा. त्यानंतर बर्गी झाले, इंदिरासागर झाले, ओंकारेश्वरच्या वरच्या अंगाला धरण झाले. महसीर पुराच्या पाण्यात वर चढतो आणि वाहत्या, खडीच्या तळाच्या पात्रात अंडी घालतो. जलाशयाच्या गाळात ती अंडी मरतात. ओंकारेश्वरच्या घाटावर आजही कुणी जाळे टाकत नाही. तिथल्या राखणीत काही कमी पडले म्हणून मासा गेला नाही. इंद्रायणीचेही तेच: देहूच्या काठावर कितीही श्रद्धा असो, वरून येणारा मैला श्रद्धेला विचारून येत नाही. राखलेला तुकडा वाहत्या नदीच्या भरवशावर राखलेला होता, आणि तो भरवसा गृहीत धरला होता म्हणून त्याबद्दल कुठल्याच रिवाजात, कुठल्याच गळाच्या पुस्तकात नियम सापडत नाही.

मध्य प्रदेशाने २०११ साली महसीराला राज्यमत्स्य केले, आणि बडवाहच्या वनविभागात त्याचे बंदिस्त प्रजनन करून पाहिले गेले. लोणावळ्याचा धडा समोर असताना ही पिले कोणत्या पाण्यात सोडायची हा प्रश्न अंडी उबवण्यापेक्षा अवघड आहे. राज्याच्या १९७२ च्या नदी नियमांनुसार दर वर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी, विक्री आणि वाहतूक बंद असते. अशोकाच्या हुकुमातला आषाढ-श्रावणाचा भाग यात ओळखू येतो. या बंदीतून नदीशी संबंध नसलेले छोटे तलाव वगळले जातात, आणि ते रास्त आहे, कारण तिथे सोडलेले रोहू-कतला ठेकेदाराचे असतात आणि त्यांची वीण तिथे होतच नाही. देपालपूरसारख्या तलावांच्या मुलखात ही सूट रोजच्या कामाची. पण यशवंतसागर तलाव आहे की नदी? नियमाच्या दृष्टीने गंभीर अडवलेली म्हणून ती नदी. माशाच्या दृष्टीने ते साचलेले पाणी. बंधाऱ्याखालची गंभीर ज्या दिवसांत विणीसाठी बंद असते, त्या दिवसांत तिच्यात किती पाणी सोडायचे हे मत्स्यखात्याच्या हाती नाही. ते जलसंपदा आणि शहरांच्या नळयोजना ठरवतात, आणि त्यांच्या वेळापत्रकात माशाचा रकाना नाही.